तांबड्या खुणेची वाट

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी तुरिद आपल्या इमारतीच्या दाराशी पोचली, दाराच्या कुलपाच्या आकड्यांसमोर तिने तर्जनी धरली आणि बोट तिथेच राहिलं. चार आकडे होते. सव्वीस वर्षं तेच होते. ते तिला कधी आठवावे लागले नव्हते. बोटालाच ठाऊक होते, जिन्याच्या पायऱ्या पावलाला ठाऊक असतात तसे. आज बोट काही बोललं नाही. एक ते नऊ आणि शून्य, असे दहा चौकोन तिच्यासमोर होते आणि एखादा परका माणूस जांभई देताना त्याचे दात दिसावेत तशी ती त्यांच्याकडे बघत राहिली. दोन चौकोन जास्त झिजलेले होते. ट्राम मागून घंटा वाजवत गेली. मग तिसऱ्या मजल्यावरचा गृहस्थ कुत्र्याला घेऊन आला आणि तिच्या खांद्यावरून हात घालून त्याने चार आकडे दाबले. दार गुरगुरलं.

"कोड बदलला का हो?" तिने विचारलं.

"नाही बुवा. का?"

"काही नाही. बोटं गारठलीत."

त्याने तिच्याकडे बघितलं. तो अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होता, सप्टेंबरचा पहिला आठवडा असून ऑस्लोत अजून ऊन होतं आणि कुत्र्याची जीभ लोंबत होती. "हो, असतं असं," तो म्हणाला आणि जिना चढून गेला. वर गेल्यावर ती हात धुवायला मोरीच्या नळाखाली वाकली आणि चारही आकडे परत आले, हसतखेळत, उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखे. स्वयंपाकघरात तिचा नवरा ओद्वार माशांच्या वड्या परतत होता. "उशीर झाला," तो पाठमोराच म्हणाला. "ट्रामला गर्दी होती," ती म्हणाली. ट्रामला गर्दी नव्हती. तिने वड्या खाल्ल्या, बटाटे खाल्ले, बातम्या बघितल्या, आणि एक्केचाळीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा दुसऱ्या दिवशी कामावर लवकर गेली.

ती शहराच्या पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत होती. तळ्यांतून आलेल्या बाटल्या ती तपासत असे आणि हाताखालच्या पोरींना नेहमी बजावत असे, की एका बाटलीवरून तळ्याचा निकाल लावायचा नाही. बाटली नीट धुतलेली नसेल, काठाचा चिखल आला असेल, दुसरी मागवा. शुक्रवारभर तिने हे स्वतःला बजावलं. तिची आई चौसष्टाव्या वर्षी हळूहळू विसरू लागली होती आणि तुरिदला आता एकसष्टावं लागलं होतं. आईची सुरुवात कशाने झाली यावर भावंडांत कधी एकमत झालं नाही. थोरल्या भावाच्या मते एका वाढदिवसापासून, धाकटीच्या मते दूध उतू गेलं त्या सकाळपासून. पहिली बाटली कुठली हे कुणालाच सांगता येत नव्हतं. शेवटी शेवटी, भर जुलैत, वृद्धाश्रमाच्या खिडकीशी बसून आई विचारायची, "आज वाट ओढलीय का?", म्हणजे बर्फात स्कीची चाकोरी पाडलीय का, आणि खाली बागेत लोक उघड्या पायांनी गवतावर पडलेले असायचे. आई खिडकीतून नुसतं पांढरं बघायची. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा कसलंही दुःख नसे. तुरिदला त्याचीच जास्त भीती वाटायची.

तेव्हा दुसरी बाटली मागवायची, असं तिने शुक्रवारी दुपारी ठरवलं. उद्या शनिवार. एप्रिलअखेर बर्फ गेला की शनिवारी ती आणि ओद्वार सायकली काढत. जंगलाच्या ज्या वाटांवर हिवाळ्यात स्की चालतात तिथेच उन्हाळाभर चाकं चालतात, पुन्हा बर्फ पडेपर्यंत. उद्या फोन घरी, नकाशा घरी. मारिदालेनला मोटारी अडवणारा आडवा दांडा आहे तिथपासून हेग्गेसेटरच्या विश्रामघरापर्यंत एकवीस किलोमीटर, मधे सहा फाटे. ती नेहमीसारखी पुढे राहणार. एकही फाटा न चुकता पोचली तर गुरुवार हा नुसता गुरुवार होता. चुकली, तर सोमवारी सकाळी डॉक्टरांना फोन करायचा, आणि ओद्वारला सांगायचं. हे पोरकट आहे हे तिला कळत होतं. पण ठरवल्याबरोबर तिला शांत झोप लागली.

दांड्याशी ते नऊ वाजून वीस मिनिटांनी पोचले. दांड्याच्या अलीकडे मोटारी लावलेल्या होत्या, डिक्क्या उघडझाप होत होत्या, कुणाची तरी पोरं रडत होती. दांड्याच्या बाजूने सायकल काढली की पाच मिनिटांत ते सगळं विरून जातं आणि खडीवरच्या चाकांचा बारीक, कोरडा आवाज तेवढा उरतो. यापुढे इंजिन नाही. शहरात जी माणसं लिफ्टमध्येसुद्धा एकमेकांच्या बुटांकडे बघत उभी राहतात तीच इथे समोरून येणाऱ्या प्रत्येकाला 'हाय' म्हणतात. पहिला चढ लांब होता. ओद्वारच्या मागच्या पिशव्या नेहमीप्रमाणे फुगलेल्या होत्या.

"तिथे विश्रामघर आहे," तुरिद मागे न बघता म्हणाली. "उपाशी नाही मरणार आपण."

"त्यांच्या पावाला लोणी कमी असतं."

"थर्मास किती घेतलेस?"

"दोन. एक तुझा आहे, तू परत मागशील आणि मी नाही म्हणेन तेव्हासाठी." तो चढावर धापा टाकत होता, पण तोंड बंद नव्हतं. "आणि तू त्या पहिल्या तळ्याशी उतरून वास घेणार असशील तर आत्ताच सांग, मी बसायची गादी वरच ठेवलीय. सुट्टीच्या दिवशी पाण्याचा वास घेणारी बायको अख्ख्या नॉर्वेत माझ्याच नशिबी आलीय."

"घाण पाणी प्यायला असतास मग."

"आमच्या बेटावर आम्ही छपरावरचं पाणी पीत होतो. पक्ष्यांसकट. बघ कसा आहे मी."

"तेच बघतेय चौतीस वर्षं."

ओद्वार पश्चिम किनाऱ्यावरच्या एका उघड्या, वाऱ्याने खरडलेल्या बेटावरचा. तिथे झाड म्हणजे एका पाद्र्याच्या अंगणात होतं ते. लग्नानंतर पहिल्यांदा तिने त्याला या जंगलात आणलं तेव्हा तो तासभर गप्प चालला आणि मग म्हणाला, झाडं जरा बाजूला केली तर काहीतरी दिसेल. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो स्कीवर उभं राहायला शिकला, तिच्या मागोमाग, तिच्या पाठीकडे बघत. तेव्हापासून जंगलात ती पुढे आणि तो मागे, बर्फावर काय नि खडीवर काय. मागून त्याची बडबड येत राहते. ती अर्धी ऐकते. आजही ती अर्धीच ऐकत होती, कारण उरलेल्या अर्ध्याने ती फाटे मोजत होती. पहिला, लाकडांच्या थप्पीपाशी, उजवीकडे. दुसरा, बंधाऱ्यावरून सरळ. तिसऱ्याला तिने वेगसुद्धा कमी केला नाही, आणि अंगातून काहीतरी सैल होऊन खाली उतरून गेलं, घट्ट बांधलेल्या बुटाची नाडी सुटावी तसं.

चौथ्यानंतर धुकं लागलं. या उंचीवर सप्टेंबरात ते असतंच; दलदलीतून उठतं, झाडांच्या कंबरेपर्यंत येतं आणि तिथेच बसून राहतं. ऊन वर कुठेतरी होतं, त्याचा फक्त उजेड खाली येत होता, दुधात पाणी घातल्यासारखा. सूचिपर्णी झाडांची ओळ दोन्ही बाजूंनी आली आणि निघून गेली. ओल्या शेवाळाचा, लोखंडाचा, जुन्या पानांचा वास आला. मागे ओद्वारही गप्प झाला होता. धुक्यात बोललेलं कुणीतरी ऐकतंय असं वाटतं. चाकं फिरत होती की वाट मागे सरकत होती ते सांगता येत नव्हतं. तुरिदला आपले पाय दिसत नव्हते, नुसता त्यांचा ताल कळत होता, आणि तो ताल सायकलचा राहिला नव्हता. डावा, लांब सरक. उजवा, लांब सरक. वडील पुढे होते. त्यांच्या पाठीवर करड्या लोकरीचा स्वेटर होता आणि त्यावर, मानेच्या खाली, बर्फाचे कण बसलेले होते. ते वाटांवरच्या झाडांना रंगाच्या खुणा करणाऱ्यांपैकी होते. हिवाळ्याच्या वाटांना तांबडी खूण, उन्हाळ्याच्या पायवाटांना निळी, आणि वडिलांकडे तांबडा डबा होता. पोर अक्षरांआधी ते दोन रंग शिकतं. तरीही लहानपणी तुरिदला वाटायचं की जंगल तांबडं आहे. शाळेला सुट्टी तांबड्या खुणांवर, संत्री तांबड्या खुणांखाली सोललेली, पहिल्यांदा एका मुलाने हात धरला तो एका तांबड्या खुणेच्या झाडाला टेकून, हातमोज्यासकट. जंगलातल्या वाटा तिने पायांनी पाठ केल्या त्या सगळ्या नोव्हेंबर ते एप्रिलमधल्या. उन्हाळ्यातलं जंगल तिला नेहमी जरा कपडे बदलताना अचानक दिसलेल्या ओळखीच्या माणसासारखं वाटायचं. तेच आहे, पण नजर बाजूला घ्यावीशी वाटते.

पाचव्या फाट्यावर खडीचा रस्ता टेकडीला वळसा घालायला उजवीकडे जातो. डावीकडे झाडांतून एक रुंद पट्टा खाली उतरतो, गवताचा, सरळ. धुक्यात तो पांढरा होता. तुरिदचं हँडल डावीकडे झुकलं, म्हणजे तिने झुकवलं नाही, ते झुकलं, आणि वळणावरच्या खोडावर तांबडी खूण दिसली तेव्हा तिला घरी आल्यासारखं झालं. पाच, तिने मोजलं. उतार मऊ होता. सायकल गवतात किंचित डोलत होती, ब्रेक ओले होऊन कुरकुरत होते. पुढचं सगळं ती आधीच सांगू शकत होती: आता वाटेचा एक खोलगट झोका, मग कंबरेत वाकलेलं बर्चचं झाड, मग एक छोटा चढ, तिथून दोन उंच पाइन आणि त्यांच्यामधून एकदम उघडं, सपाट, दूरवर पांढरं. झोका आला. वाकलेला बर्च आला. चढ आला. काही म्हणता काही विसरली नव्हती ती; एकेक वस्तू आपापल्या जागी तिची वाट बघत उभी होती. गुरुवार कुठल्या कुठे गेला. तिला मोठ्याने हसावंसं वाटलं, तिने वळून ओद्वारला काहीतरी म्हणायलाही तोंड उघडलं. तो वीसेक पावलं मागे होता, मान खाली घालून, दोन्ही हात ब्रेकवर. मग चाकांखाली लाकडी फळ्या खडखडल्या, मग फळ्या संपल्या, पुढचं चाक पचकन रुतलं, आणि दोन उंच पाइनच्या मधून समोर उघडं, सपाट, दूरवर पाणी होतं.

ती उतरली. बुटांत गार पाणी शिरलं. धुकं इथे तळ्यावरून उचलत चाललं होतं आणि पलीकडच्या काठावर, सहाशे मीटरवर, हेग्गेसेटरचं तांबूस घर स्पष्ट दिसत होतं. झेंडा वर होता, म्हणजे पाव भट्टीतून निघाले होते. एक बाई पायरीवर चादर झटकत होती, आणि चादर झटकल्यावर कितीतरी वेळाने तिचा आवाज येत होता. डाव्या पाइनवर, डोळ्याच्या उंचीवर, तांबडी खूण होती. या काठावरची ती शेवटची, पुढची पलीकडे. सात वर्षांची असताना तिने वडिलांना इथेच विचारलं होतं, मधल्या खुणांचं काय? आणि वडील ब्रश पुसत म्हणाले होते, मधे कशाला लागतात, बर्फावर समोरचं सगळ्यांना दिसतं. मग ते दोघं डबा घेऊन तळ्याला वळसा घालून, दीड तास चालून, पलीकडचं पहिलं झाड रंगवायला गेले होते. हे तिला आठवत होतं. ब्रशचा दांडा कुठे तडकला होता तेही आठवत होतं. फक्त आज सप्टेंबर आहे, हे तिला गेली दहा मिनिटं आठवलं नव्हतं.

"हेग्गेसेटरला जायचंय ना?" कुणीतरी म्हणालं.

दलदलीच्या कडेला रबरी बुटांतली एक बाई उभी होती, सत्तरीची, डोक्याला रुमाल, हातात टोपली आणि टोपलीवर घाईने टाकलेलं जाकीट.

"हो," तुरिद म्हणाली.

"मग आलातच की. चार महिने थांबलात की झालं. जानेवारीत गोठतं हे तळं."

तुरिद हसली. आपण हसतो आहोत हे तिला तोंडाला जाणवलं.

"लाजू नका," बाई म्हणाली. "दर वर्षी चारपाच जण तरी येतात इथे, असेच सायकली घेऊन. सगळे इथलेच, जन्मले तेच स्की बांधून. बाहेरचा माणूस कधी येत नाही, तो नकाशा बघतो ना. माझा नवरा आला होता एकदा, आणि तो वनखात्यात होता." तिने जाकीट टोपलीवर अजून ओढून घेतलं, खालून अळंब्यांची पिवळी कड दिसत होती. "वर जा परत, फाट्यापर्यंत. तिथून अर्धा तास."

"आज मिळालं वाटतं काही," ओद्वार मागून म्हणाला. तो पोचला होता.

"कुठलं काय. पाऊसच नाही यंदा," बाई म्हणाली, आणि झाडांत शिरली, आणि कुठल्या बाजूला गेली ते त्यांना कळू नये म्हणून जरा वेळ आडवी चालली.

तर असं होतं. दर वर्षी चारपाच जण. वनखात्यातला माणूस सुद्धा. तुरिदने पाण्याकडे बघितलं आणि तिच्या आत कुणीतरी झपाझप हिशेब मांडू लागलं: ही बाटली मोजायची नाही. ही विसरण्याची चूक नाहीच, ही आठवणीची चूक आहे. आठवलं ते जरा जास्तच आठवलं. उलट हे चांगलं लक्षण आहे. फळ्या, बर्च, चढ, पाइन, एकही चुकलं नाही. सोमवारी फोन करायचं कारण नाही. तिला एवढं हलकं वाटलं की तिने सायकल पाइनला टेकवली, बुटातलं पाणी ओतलं, आणि ओद्वारच्या टोमण्याची वाट बघू लागली.

टोमणा आला नाही.

तो तिच्या शेजारी उभा होता आणि पलीकडे घराकडे बघत होता. त्याने गादी काढली, अंथरली. "बस," तो म्हणाला. "मोजे बदल. मी जादा जोड आणलाय." आवाज अगदी मऊ होता. आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसा. तुरिद बसली. अनेक वर्षांपूर्वी, अजून मुलं लहान होती तेव्हा, तिने एक फाटा चुकवला होता आणि ते डोंगराच्या भलत्याच बाजूला, हाकादालला निघाले होते आणि बसने परत आले होते, ओल्या कपड्यांनी, चार माणसं आणि एकाच्या तिकिटाचे पैसे. तो किस्सा ओद्वारने प्रत्येक नाताळाला सांगितला होता, मुलीच्या लग्नाच्या भाषणात सांगितला होता, तिच्या वडिलांच्या अंत्यविधीनंतरच्या कॉफीला सांगितला होता आणि लोक रडता रडता हसले होते. ती दुकानात मीठ आणायला विसरली तरी तो म्हणे, हाकादालला गेली होतीस का. हा माणूस, आणि समोर हे तळं, पाण्यात उभी बायको, वडील खुणा करणारे, पलीकडे हात केला तर लागेल असं विश्रामघर. याच्यावर तो पुढची दहा वर्षं जगला असता. आणि तो मोजे शोधत होता. तिने आठवून बघितलं. या उन्हाळाभर तो एकदाही हाकादाल म्हणाला नव्हता. तिच्या पिशवीवर बोलत होता, तळ्यांच्या वासावर बोलत होता, सायकलवर, लोण्यावर, स्वतःच्या गुडघ्यावर. विसरण्यावर नाही. त्या एका जागेला तो वळसा घालून जात होता, आणि इतक्या सफाईने की तिला रस्ता सरळच वाटला होता.

"फाट्यावर तांबडी खूण होती," ती म्हणाली.

"हो."

"तू बघितलीस."

"मोठी होती तशी."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने मोज्यांची घडी उलगडली, पुन्हा घातली. "मला वाटलं तू मुद्दाम घेतलीस. जवळची वाट असेल काहीतरी." मग म्हणाला, "नाही, हे खोटं आहे. मला तसं वाटलं नाही."

पलीकडे बाई दुसरी चादर घेऊन आली. झटकली. आवाज आला.

"कधीपासून, ओद्वार?"

तिने त्याला घाई केली नाही. तिला दिसत होतं की तो कुठेतरी उभा आहे आणि दोन पावलांवर काहीतरी आहे आणि त्याला ते उचलायचं नाहीये.

"ईस्टरला," तो म्हणाला. "तू एकाच स्कीला मेण लावलंस. आणि निघालीस."

"नाही."

"डाव्या."

ईस्टरचा तो दिवस तिला स्वच्छ आठवत होता. मेण नसलं की स्की बर्फाला धरत नाही, आणि त्या सकाळभर तिचा उजवा पाय मागे घसरत होता आणि ती वैतागली होती. "बर्फ खराब होता त्या दिवशी," ती म्हणाली. "दुपारी सुधारला."

"दुपारी तू आत कॉफी घेत होतीस तेव्हा मी उजव्याला लावलं."

तुरिद स्कीच्या दिवसांची वही ठेवत असे. तापमान, मेण, अंतर. त्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: सकाळी बर्फ विचित्र, दुपारनंतर उत्तम. तिने ते वाक्य आता पुन्हा वाचलं, मनात, शाईसकट. किती दुपारी अशा सुधारल्या असतील. गॅस, किल्ल्या, मुलीचा वाढदिवस. कुणीतरी मागून येऊन दुसऱ्या स्कीला मेण लावून गेलं असेल आणि तिने वहीत लिहिलं असेल, उत्तम. वडिलांनी आईचं असंच केलं होतं. दोन वर्षं ते आईची वाक्यं पुरी करत होते, पाहुण्यांसमोर, इतक्या हळुवार की सगळे म्हणायचे काय जोडी आहे. कळलं तेव्हा तुरिद वडिलांवर ओरडली होती. स्वयंपाकघरात, दार लावून. तुम्ही तिची दोन वर्षं चोरलीत, असं म्हणाली होती. तिला स्वतःला काहीतरी ठरवता आलं असतं. वडील टेबलावरचे पावाचे कण गोळा करत राहिले होते आणि म्हणाले होते, सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की मी बघतोय. मग ती माझ्यासमोर मोकळी चालली नसती.

"परवा मला दाराचा कोड आठवला नाही," तुरिद म्हणाली. आपला आवाज तिला प्रयोगशाळेतल्यासारखा ऐकू आला. आकडा वाचून दाखवावा तसा. "तिसऱ्या मजल्यावरच्याने उघडून दिलं."

"ट्रामला गर्दी नव्हती."

"नव्हती."

ओद्वारने मान हलवली. त्याने तिचा ओला बूट हातात घेतला होता आणि तो त्याच्या तोंडाशी अंगठा फिरवत होता, काही गरज नसताना. त्याचे हात मोठे होते, सुतारकामाने जाड झालेले, आणि ते थांबत नव्हते. तुरिदला त्याचा राग यायला हवा होता. तो येत होता, लांबून, चादरीच्या आवाजासारखा मागे राहून. पण तो पोचेपर्यंत तिला त्याच्याकडे बघायला वेळ मिळाला. ईस्टरपासून पाच महिने हा माणूस प्रत्येक फाट्यावर मागून झाडावरची खूण बघत आला होता.

"सोमवारी मी डॉक्टरांना फोन करणार आहे," ती म्हणाली. "तू नाही करायचास. मी करणार."

"बरं."

"आणि जे दिसेल ते सांगायचं मला. तिथल्या तिथे. माझ्या मागे मेण लावत फिरायचं नाही."

"बरं."

"बरं काय. भांडायला लागलास तर बरं वाटेल."

"मला भीती वाटते, तुरिद," तो म्हणाला. बेटावरची माणसं असं बोलत नाहीत. त्याच्या आईने तीन मुलगे समुद्राला पाठवले आणि हा शब्द उच्चारला नाही.

"मलापण," ती म्हणाली.

त्यांनी कॉफी घेतली. दोन्ही थर्मासांतली. तळ्यावरचं धुकं पुरतं गेलं आणि पाणी काळं, गुळगुळीत झालं, त्यात पलीकडचं घर उलटं उभं राहिलं. हेग्गेसेटरचे पाव आज राहू देत असं दोघांपैकी कुणी म्हणालं नाही. तुरिदने मोजे चढवले, बूट बांधले आणि सायकल फळ्यांवर ओढून घेतली.

"तू पुढे हो," ती म्हणाली.

"मी? मला वाट कुठे माहीत आहे."

"चौतीस वर्षं येतोयस."

"तुझ्या मागे येतोय. मी या जंगलात तुझी पाठ सोडून काही बघितलेलं नाही, ही अलीकडची खुणेची झाडं सोडली तर." मग जरासं थांबून, चाचपत, जुन्या दुखऱ्या दातावर जीभ टेकवावी तसं तो म्हणाला, "ती पाठ एकदा हाकादालला गेली होती."

"गप्प बस," तुरिद म्हणाली, आणि तिला इतकं बरं वाटलं की तिने थोडा वेळ हँडल घट्ट धरून ठेवलं.

उतार आता चढ होता आणि गवत ओलं. सायकली ढकलतच न्याव्या लागल्या. ओद्वार पुढे चालला. तिने त्याची पाठ अशी कधी बघितलेली नव्हती. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. मानेवरचे केस कुणीतरी, म्हणजे तिनेच, मागच्या रविवारी वाकडे कापले होते. चालताना तो दर आठदहा पावलांनी किंचित डोकं वळवायचा, ती येतेय ना हे ऐकायला, आणि तिला समजलं की मागून येणाऱ्यालाही हे असंच पुढच्याच्या पाठीवर वाचता येत असणार, सगळं, वर्षानुवर्षं. बर्च आला, वाकलेला. या बाजूने तो ओळखू येत नव्हता. तिने त्याच्याकडे नीट बघितलं. सालीवर करड्या गाठी होत्या, बुंध्याशी तांबड्या बेरींची झुडपं, एक मुंग्यांचं वारूळ. हे सगळं बर्फाखाली असणार दर वर्षी, आणि ती त्याच्यावरून गेली असणार.

फाट्यावर खडी लागली. ओद्वार थांबला, सायकलवर बसला, एक पाय जमिनीला टेकवून मागे वळला.

"बोल," तो म्हणाला. "कुठे?"

ते थट्टेत विचारलेलं नव्हतं आणि परीक्षाही नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं. तुरिदने दोन्ही बाजूंना बघितलं. ऊन आता खालपर्यंत आलं होतं आणि खडी पांढरी दिसत होती, उगाच पांढरी. तिने ती खडीच आहे याची खात्री होईपर्यंत बघितलं. मग टेकडी कुठल्या बाजूला आहे, तळं कुठल्या बाजूला राहिलं, वारा कुठून येतोय, हे एकेक करून, शाळेतल्या पोरीसारखं, जुळवलं.

"डावीकडे," ती म्हणाली. "टेकडीला वळसा घालून."

ओद्वारने पायडलवर पाय ठेवला, पण निघाला नाही. त्याने मान वर केली आणि डाव्या बाजूच्या झाडाकडे बघितलं. चोरून नाही, ती बघतेय हे त्याला दिसत होतं. ती थांबली. त्याचं बघून होईपर्यंत ती हँडल धरून उभी राहिली, आणि तो क्षण जायला वेळ लागला.

"निळी आहे," तो म्हणाला.

"मग चल," तुरिद म्हणाली.